शिऱ्यासाठी चवीपुरती

बाळांनो, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. मिशा फुटलेल्या बाळांनीही द्या, कारण प्रश्न खरं तर त्यांच्यासाठीच आहे. एखादी बाटली चांगली की वाईट हे ठरवायचं झालं, तर विश्वास कोणावर ठेवावा? बाटलीवर जे छापलंय त्यावर, ती विकणाऱ्यावर, की ती रिकामी करणाऱ्यावर?

घाई करू नका. गिऱ्हाईक घाई करतं तेव्हाच फसतं. मांडी घालून बसा आणि गोष्ट ऐका.

एका जंगलात भीमगर्ज नावाचा सिंह राज्य करत होता. जंगल फार सुखी होतं. निदान दर सोमवारी तशी दवंडी पिटली जायची. या जंगलात दारूबंदी होती. त्याचं असं झालं, की एकदा महाराजांचं पोट बिघडलं. वैद्यबुवांनी महाराजांना पथ्य सांगितलं. महाराजांनी ते सगळ्या जंगलाला लावलं. पुढे महाराजांचं पोट बरं झालं, पण जंगलाचं पथ्य राहून गेलं.

महाराजांच्या मुदपाकखान्यात तुंगाक्का नावाची अस्वलीण होती. बारा वर्षं ती एकाच चुलीपुढे बसत होती. चूल तिने स्वतःच्या हाताने घातली होती. नदीकाठची चिकणमाती, त्यात भाताचं तूस, आणि वरून शेणाचा हात. कुठल्या बाजूला लाकूड सारलं की आच कुठे लागते, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तुंगाक्काला लिहितावाचता येत नव्हतं. मोजमापही येत नव्हतं. रवा ती मुठीने घ्यायची, तूप डोळ्याने आणि गूळ नाकाने. तिच्या हातचा फणसाचा शिरा खाल्ला, की लांडगासुद्धा तासभर कुणाला त्रास देत नसे.

एके दिवशी महाराज नदीपलीकडच्या जंगलातून जेवून आले. तिथे पट्टेराव नावाच्या वाघाचं राज्य होतं. आल्या आल्या महाराज थेट मुदपाकखान्यात शिरले.

"तुंगाक्का, पट्टेरावांकडे काय खाल्लं माहितीये? जाळलेला शिरा!"

तुंगाक्का हळहळली. "होतं असं, महाराज. नवा हात असेल. अशा वेळी खालून खरवडू नये, वरचा वर काढून घ्यावा."

"अगं, जळलेला नव्हे! जाळलेला! मुद्दाम!"

"मुद्दाम?" तुंगाक्काने तोंडावर पंजा ठेवला. "त्यांचं आपलं काही वाकडं आलंय का, महाराज?"

महाराजांनी कपाळाला हात लावला. मग सगळं नीट सांगितलं. पट्टेरावांच्या आचाऱ्याने शिऱ्यावर बाटलीतलं काहीतरी ओतलं, काडी लावली, आणि शिऱ्यावर निळी ज्योत नाचली. राण्या किंचाळल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्योत विझली आणि शिऱ्याला असा काही वास सुटला, की महाराजांनी तीनदा मागून घेतला.

"पौर्णिमेला पट्टेराव आपल्याकडे जेवायला येतायत," महाराज म्हणाले. "आठ दिवस आहेत. आपला शिरा पेटला पाहिजे. त्यांच्यापेक्षा वीतभर उंच पेटला पाहिजे."

"आणि नाही पेटला तर?"

महाराजांनी दाराकडे बघितलं. दारात पिसारे नावाचा मोर उभा होता. पिसारे दूरदेशी जाऊन पाककला शिकून आले होते. त्यांना स्वयंपाक येत नव्हता, पण ताट सजवता येत होतं. वरणावर ते कोथिंबिरीचं एकच पान असं ठेवायचे, की बघणारा वरण जेवायचंच विसरायचा.

"नाही पेटला तर मुदपाकखाना पिसाऱ्यांकडे," महाराज म्हणाले. "तू भांडी घासायला बस."

पिसारे पुढे आले आणि चुलीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ही आधी फोडावी लागेल. धुराने पिसं खराब होतात."

तुंगाक्काने चुलीवर पंजा ठेवला. चूल कोमट होती.

दुसऱ्या दिवशी ती गुलाबशेठच्या दुकानी गेली. गुलाबशेठ म्हणजे कोल्हा. जंगलात त्याचं एकच मोठं दुकान. पुढे मध, हिंग, डिंक, सुंठ. मागे एक पडदा, आणि पडद्यामागे बाटल्या. दारूबंदी झाल्यापासून त्या बाटल्यांना औषध म्हणत. त्यामुळे जंगलात आजारपण फार वाढलं होतं.

"या अक्का, या! बसा. पाणी देऊ?" गुलाबशेठने पाट पुढे केला. गिऱ्हाईक बसलं की अर्धा सौदा झाला, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, उभं राहून परत गेलेल्या गिऱ्हाइकांनीच शिकवलं होतं. सगळं ऐकून घेऊन त्याने तीन बाटल्या मांडल्या.

"ही बघा. चौकोनी खांद्याची, सोनेरी कागदाची. संत्र्याच्या सालीपासून करतात. समुद्रापलीकडून आलीय. ही काळी कॉफीची. आणि ही हिरवी शंभर वनस्पतींची. गेल्या महिन्यात एक तरस सासूच्या सर्दीसाठी घेऊन गेला. चार दिवसांनी परत आला. मी म्हटलं, काय तरसराव, गेली का सर्दी? म्हणाला, सर्दी आहे तशीच आहे शेठ, पण सासूबाई आता तिच्याबद्दल तक्रार करत नाहीत. आणखी दोन द्या."

तुंगाक्का हसली नाही. तिने एकेक बूच काढलं आणि नाक लावलं. अस्वलाचं नाक ते! शेजारच्या डोंगरावर मधाचं पोळं फुटलं तर तिला इथे कळायचं.

"ही संत्र्याची नुसता पाक आहे," ती म्हणाली. "शिऱ्यात आधीच गूळ आहे, फणस आहे. काळीने शिरा काळा दिसेल. पाहुणे म्हणतील, करपला. आणि ही हिरवी म्हणजे काढा. जेवणानंतर ठीक, जेवणात नाही. शेठ, यातली पेटते कोणती?"

गुलाबशेठ तिच्याकडे बघतच राहिला. "अक्का, इतकी वर्षं दुकान चालवतोय. गिऱ्हाईक विचारतं, कुठून आली? दरबारात कोणाकोणाकडे जाते? पेटते का, असं आजवर कुणी विचारलं नाही."

"मी विचारतेय."

गुलाबशेठने इकडेतिकडे बघितलं. खरं बोलायची वेळ आली की तो आधी इकडेतिकडे बघायचा. मग म्हणाला, "गोड बाटल्या नीट पेटत नाहीत. साखर जास्त, जोर कमी. पेटायला जोर लागतो. वासाला हलकी आणि अंगात कडक अशी हवी."

"म्हणजे मोहाची. पहिल्या धारेची."

गुलाबशेठने झटकन पडदा ओढला. "हळू बोला अक्का!"

"का? माझी हिरामावशी गाळायची. भट्टीची पहिली धार ती निखाऱ्यावर शिंपडून बघायची. निळी ज्योत उठली की मावशी हसायची. नाही उठली की सगळं मडकं पालथं करायची."

"ते खरं. पण मोहाची बेकायदा आहे. शिवाय तिला लेबल नाही. बेकायदा एक वेळ चालतं, अक्का. बिनलेबलाचं कसं चालेल?"

कायद्याचा प्रश्न तर होताच. म्हणून तुंगाक्का दरबारात गेली आणि शिऱ्यापुरती दारू वापरायची परवानगी मागितली. महाराजांनी तिथल्या तिथे आदेश काढला. लिहिला राघोपंतांनी. राघोपंत म्हणजे दरबारचे लेखनिक, जातीने पोपट. एकदा ऐकलेलं दोनदा लिहायची त्यांना सवय होती. आदेश असा: 'शिऱ्यात दारू चवीपुरती घालण्यास परवानगी आहे. कोणती घालावी हे समिती ठरवील. समिती ठरवील.'

"पंत, चवीपुरती म्हणजे किती?" तुंगाक्काने विचारलं.

"चवीला पुरेल इतकी."

"कुणाच्या चवीला?"

राघोपंतांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "ते यात आलेलं नाही."

समिती झाली. अध्यक्ष सोंडेकरसाहेब, म्हणजे हत्ती. सचिव राघोपंत. तिसरी जागा रिकामी होती, तिची जाहिरात निघायची होती. समितीने मुदपाकखान्यातच बैठक मांडली, कारण नमुने तिथे होते.

पहिल्या दिवशी संत्र्याची बाटली उघडली. तुंगाक्काने चमच्यात थेंबभर घेऊन सोंडेकरसाहेबांपुढे धरली.

"बाई," साहेब गंभीरपणे म्हणाले, "आमची जीभ केवढी ते बघितलंत का? थेंबाने ती ओलीसुद्धा होत नाही. चव कळायची कशी? आदेशात काय आहे, पंत?"

"चवीपुरती. चवीपुरती."

"बस्स." साहेबांनी सोंडेने बाटली उचलली. खाली ठेवली तेव्हा तळाशी जेमतेम घोटभर उरली होती. ती राघोपंतांनी चोच बुडवून तपासली. मग अहवाल लिहिला: 'नमुना क्रमांक एक. चव: आहे. उर्वरित साठा: उडून गेला.'

"उडून कशी गेली, पंत?" तुंगाक्का म्हणाली. "दारू आचेवर ठेवली की उडते. मी तर ती चुलीजवळसुद्धा नेली नाही."

राघोपंतांनी पंख फुगवले. "तुंगाबाई, उडण्याबद्दल तुम्ही मला शिकवू नका."

दुसऱ्या दिवशी काळी उघडली. 'नमुना क्रमांक दोन. रंग काळा, हेतू शुद्ध. साठा उडून गेला.' तिसऱ्या दिवशी हिरवी. तीही उडाली. चौथ्या दिवशी गुलाबशेठकडून पुन्हा संत्र्याची आणावी लागली, कारण पहिल्या दिवशीची चव अध्यक्षांच्या लक्षात राहिली नव्हती. दुकानात संत्र्याची तेवढीच एक उरली होती.

रोज परीक्षेसाठी तुंगाक्का कढईभर शिरा करायची. रोज शिरा संपायचा आणि बाटलीही संपायची. पण दोघांची गाठ काही पडायची नाही. चौथ्या दिवशी सोंडेकरसाहेबांनी शिरा चाखून तोंड वाकडं केलं.

"बाई, हा फार गोड होतोय. गोडाबरोबर परीक्षण नीट होत नाही. यात मिरची घालता येईल का?"

"शिऱ्यात?"

"नाहीतर शिरा राहू द्या. शेंगदाणे भाजा. थोडा कांदा चिरा, वर लिंबू पिळा."

तेव्हा तुंगाक्काला उमगलं. बारा वर्षं लोकांनी ज्याच्यासाठी रांगा लावल्या, त्या तिच्या शिऱ्याचा या दोघांनी चकणा केला होता.

ती पदर खोचून उभी राहिली. "साहेब, मला पळीभर तरी द्या. पेटवून तर बघते. चार दिवस राहिले."

"पेटवणं समितीच्या कक्षेत येत नाही. आमचं काम चव."

"कक्षेत येत नाही," राघोपंत म्हणाले. "येत नाही."

खिडकीत पिसारे पडद्याचं माप घेत होते.

पाचव्या दिवशी पहाटेच तुंगाक्का टेकडीमागच्या टोल्यावर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर, हिरामावशीकडे गेली. मावशी आता फार म्हातारी झाली होती. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि सगळ्या टोल्यावर त्यांचा जडसा गोड वास भरून राहिला होता.

"मावशे, बंदी आहे ना गं?"

"आहे की. म्हणून तर भाव चांगला येतो. गुलाबशेठ नेतो सगळी. कुठे नेतो ते मी विचारत नाही, आणि मी किती गाळते ते तो विचारत नाही." मावशीने कोपऱ्यातून एक बाटली काढली. पळसाच्या पानाचं बूच. वर कागद नाही, नाव नाही. "पहिल्या धारेची आहे. पण ऐक तुंगे. बाटलीतून थेट ओतू नकोस, आच उलटी बाटलीत शिरते. पळीत घे, पळी कोमट कर, आणि शिरा चुलीवरून खाली उतरवून मगच पेटव. आणि तोंड लांब ठेव. माझी डावी भुवई अजून उगवतेय."

सहाव्या दिवशी तुंगाक्काने ती बाटली समितीपुढे ठेवली. पळीत थोडी घेतली, कोमट केली, काडी लावली. निळीशार ज्योत वीतभर उठली. तिच्यात ना धूर होता ना काजळी. अध्यक्ष दोन पावलं मागे सरकले.

"हिचं लेबल कुठाय?" राघोपंतांनी विचारलं.

"नाही."

"नाव?"

"मोहाची."

"हे झालं तोंडी. नाव नाही, गाव नाही, तर चव कशाची घेतली असं लिहायचं?"

सोंडेकरसाहेबांची सोंड मात्र आपोआप बाटलीकडे गेली होती. तिथे ती थांबली आणि थरथरली. साहेबांचे डोळे ओले झाले. लहानपणी वैशाखात कळपाबरोबर मोहाखाली घालवलेले दिवस त्यांना आठवले. मग त्यांना आपलं पद आठवलं.

"नको," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी हत्ती आहे, बाई, पण पदावरचा हत्ती आहे. ही गावठी. हिला तोंड लावताना कुणी पाहिलं तर? न्या ती तिकडे. मिठाच्या रांजणामागे ठेवा."

सातव्या दिवशी निकाल लागला. शिऱ्यासाठी नमुना क्रमांक एक, संत्र्याच्या सालीचा, एकमताने निवडण्यात आला. दोघांचं एकमत म्हणजे किती कठीण गोष्ट असते ते घरोघरी माहीत आहे.

"मग द्या ती बाटली," तुंगाक्का म्हणाली.

"ती उडाली," राघोपंत म्हणाले.

तुंगाक्का धावत गुलाबशेठकडे गेली. गुलाबशेठने हात जोडले. "अक्का, समितीने दुकान पुसून नेलं. नवा माल पौर्णिमेनंतर."

आणि पौर्णिमा उजाडली.

दिवेलागणीला पट्टेराव लवाजम्यासह आले. पंगत बसली. महाराजांच्या उजव्या हाताला पट्टेराव, डाव्या हाताला सोंडेकरसाहेब, आणि तांदळाच्या पोत्यावर राघोपंत. व्यापारी म्हणून गुलाबशेठलाही बोलावणं होतं. पिसारे नवा एप्रन बांधून मुदपाकखान्याच्या दारात उभे होते. त्यांनी सोबत एक फावडं आणलं होतं. चूल फोडायला.

भाज्या झाल्या, भात झाला. महाराजांनी टाळी वाजवली. "तुंगाक्का! शिरा आण. पेटव!"

तुंगाक्काने कढई उतरवून पंगतीच्या मधोमध ठेवली. मंजूर झालेली बाटली रिकामी होती. भरलेली एकच होती, आणि ती रांजणामागे होती. शिरा पेटवला नाही तर चूल जाणार. मोहाची वापरली आणि ओळखली गेली तर तुरुंग. तुरुंगातल्या कैद्यांचा स्वयंपाक कोण करत असेल आणि तिथे चूल कशी असेल, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला.

तो विचार आला आणि तिचं ठरलं. ती रांजणामागून बाटली घेऊन आली. पळीत ओतली. पळी निखाऱ्यावर धरली, कोमट केली. तोंड लांब ठेवलं. काडी लावली आणि पळी शिऱ्यावर पालथी केली.

भप्प!

निळी ज्योत हातभर उठली. फणसाच्या गऱ्यांवरून, तुपावरून ती पसरत गेली, कडेकडेने नाचली, आणि हळूच बसली. मागे वास राहिला. फणस, तूप, भाजका गूळ, आणि त्या सगळ्यांच्या पाठीमागे काहीतरी रानातलं. राण्या किंचाळल्या. माकडांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांनी मान डोलावली, कारण ज्योत पट्टेरावांच्या ज्योतीपेक्षा वीतभर उंच होती. त्यांनी स्वतः मोजली होती.

पट्टेरावांनी घास घेतला. डोळे मिटले. मग एकदम उघडले.

"अहो, ही तर आमचीच!"

पंगतीतले घास हातातच राहिले.

"आमच्याकडे हीच वापरतात," पट्टेराव म्हणाले. "अस्सल परदेशी. फार मुश्किलीने मिळते. तुम्ही कुठून मिळवलीत?"

"परदेशी म्हणजे कुठली?" महाराजांनी अभिमानाने विचारलं.

"नदीपलीकडची."

"तुमच्या नदीपलीकडे म्हणजे…" महाराजांनी बोटावर हिशेब केला. नदी एकच होती. तिच्या पलीकडे पट्टेराव. पट्टेरावांच्या पलीकडे ते स्वतः. "म्हणजे इथली?"

सगळ्यांच्या नजरा गुलाबशेठकडे वळल्या. गुलाबशेठने पानातली लोणच्याची फोड बाजूला सारली आणि नम्रपणे उभा राहिला.

"शेठ, आमच्या जंगलातली मोहाची तुम्ही पलीकडे विकता?"

"मोहाची नाही, महाराज. इथून निघताना ती औषध असते. होडीत ती सामान असते. पलीकडे उतरली की परदेशी होते. मी फक्त वल्ही मारतो."

महाराजांची आयाळ फुलली. तुंगाक्काने पळी घट्ट धरली. दारात पिसाऱ्यांनी फावडं उचललं.

"तुंगाक्का! बंदीची वस्तू तू माझ्या शिऱ्यात घातलीस?"

"घातली, महाराज." तिचा आवाज कापत होता, पण शब्द कापत नव्हते. "मंजूर झालेली समितीने चवीपुरती घेतली. कुणाच्या चवीपुरती ते आदेशात नव्हतं. शिऱ्यासाठी एवढीच उरली."

महाराजांनी सोंडेकरसाहेबांकडे बघितलं. साहेबांनी राघोपंतांकडे बघितलं. राघोपंतांनी कागद काढला.

"सदर बिनलेबली नमुन्याविरुद्ध समितीचा काहीही आक्षेप नोंदलेला नाही," राघोपंत वाचू लागले. "कारण तो प्यायलेला नाही. प्यायलेला नाही."

"तर महाराज," सोंडेकरसाहेब चटकन म्हणाले, "आक्षेप नाही त्याअर्थी निवड समितीचीच म्हणायची."

महाराजांना गर्जना करायची होती. पण पाहुण्यांसमोर राजाला मनासारखं रागावताही येत नाही. तेवढ्यात पट्टेरावांनी ताट पुढे केलं.

"आणखी थोडा! आणि पुन्हा एकदा पेटवा की. काय हात आहे हो तुमच्या बाईंचा! आमच्या आचाऱ्याला एवढी उंच ज्योत जमत नाही. आम्हाला द्याल का त्यांना?"

दुसऱ्याने मागितल्याशिवाय आपल्याकडच्या वस्तूची किंमत कळत नाही असे काही राजे असतात. भीमगर्ज त्यांतलाच होता. त्याने आयाळ खाली बसवली.

"छे छे! तुंगाक्का आमची आहे. पेटव गं, पुन्हा पेटव."

"महाराज, आणि चूल?"

"कुठली चूल?"

आठ दिवस जिच्या भीतीने तिला झोप नव्हती, ती धमकी महाराजांच्या लक्षातही नव्हती.

"माझी," तुंगाक्का म्हणाली.

"तुझी म्हणजे तुझीच. त्यात काय विचारायचं? अहो पिसारे, ते फावडं कशाला आणलंत जेवणात?"

पिसाऱ्यांनी फावडं पाठीमागे लपवलं. ते मोराला सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. मोहाची दारू जंगलात पूर्वीप्रमाणेच बंद राहील, तिची नावनिशाणी खपवून घेतली जाणार नाही. मात्र नदीपलीकडून आलेला, सोनेरी लेबल लावलेला 'सुवर्णपुष्पार्क' शिऱ्यासाठी चालेल. समिती कायम झाली. तिची रिकामी जागा पिसाऱ्यांनी भरली.

तेव्हापासून हिरामावशीचा माल गुलाबशेठच्या होडीतून पलीकडे जातो, तिथे लेबल लावून घेतो आणि त्याच होडीतून परत येतो. जाताना उलटा प्रवाह लागतो आणि येताना आणखी उलटा, असं गुलाबशेठ सांगतो. भाव त्याप्रमाणे असतो.

आणि दर आठवड्याला सुवर्णपुष्पार्क मुदपाकखान्यात आला, की तिघांची समिती तो चवीपुरता तपासते. आता लेबल असल्यामुळे सोंडेकरसाहेबांना कसलाच संकोच उरलेला नाही. तपासता तपासता ते आईची आठवण काढून रडतात, राघोपंत प्रत्येक वाक्य चारदा म्हणतात, आणि पिसारे रिकाम्या बाटलीत एक पीस खोचून ती कोनाड्यात ठेवतात.

तुंगाक्का त्यांना काही म्हणत नाही. उलट शेंगदाणे भाजून देते. ते डुलत डुलत गेले, की मावशीकडची उघडीबोडकी बाटली काढते, पळी कोमट करते आणि शिरा पेटवते.

"वा!" महाराज म्हणतात. "परदेशी मालाची गोष्टच वेगळी, नाही का तुंगाक्का?"

"होय महाराज," तुंगाक्का म्हणते, आणि चुलीतलं लाकूड जरासं आत सारते.

तात्पर्य: चांगल्या वस्तूची कदर शेवटी होतेच, असं तुम्हाला शाळेत सांगितलं असेल. ते शाळेपुरतं ठीक आहे. इथे मोहाची जिंकली ती चांगली होती म्हणून नव्हे. ती उरली होती म्हणून जिंकली. आणि उरली, कारण तिला प्यायची प्रतिष्ठितांना लाज वाटली. म्हणून आपल्याकडे जे खरोखर उत्तम असेल त्याला चुकूनही लेबल लावू नये. लेबल लागलं की परीक्षा होते, आणि परीक्षा झाली की कामासाठी काही शिल्लक राहत नाही.

आता एक शेवटची विनंती. मोठेपणी तुम्हीही कधी केकसाठी, कधी कोंबडीच्या रश्शासाठी एखादी बाटली घरी आणाल. तेव्हा एक वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा. एका बाजूला पातेल्यात किती गेली ते लिहा आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाक करणाऱ्यात किती गेली ते. रेघच सरळ येत नसेल तर वही मिटून ठेवा आणि सकाळी उठून लिहा. पण बाळांनो, खरं लिहा.